एक शेत, घरालगत

"सर, 'तीन शेतस' असं कॅसेटीत आहे. तुम्ही त्याचं काय लिहिलंत?"

मृणालीने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. समोर प्राध्यापक बी. सोनवणे जेवत होते. डबा तिचाच. ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी पुढे आली की सर नको म्हणत नसत. त्यांनी कांदा टेबलाच्या कडेला ठेवला, एका बुक्कीत फोडला आणि म्हणाले, "तीन शेतं. का?"

आठ दिवस ती हेच कसं सांगावं याची उजळणी करत होती.

छत्तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेची माणसं धुळ्याजवळच्या एका खेड्यात आली होती. प्रश्न विचारायचं काम सोनवण्यांकडे होतं, वय अठ्ठावीस. चाळीस मजूर बायका, चाळीस कॅसेटी. त्यातून एक लेख निघाला: मोलमजुरी करणाऱ्या बायकांकडेही स्वतःची म्हणावी अशी जमीन असते. लेखात गावाचं नाव बदललेलं, बायकांची आडनावं गाळलेली, शेवटी चाळीस ओळींचा तक्ता, प्रत्येक बाईची एक ओळ. त्या एका लेखावर सरांचा जन्म गेला. जगभरच्या चौदाशे ऐंशी अभ्यासकांनी त्याचा दाखला दिला होता. शनिवारी जळगावात त्याबद्दलच सरांचा सत्कार होता.

मृणालीची पीएच.डी.ही त्याच लेखावर उभी होती. चार वर्षं झाली होती. सोमवारी प्रबंध द्यायचा, आणि त्याच्या अर्जावर सरांची सही लागणार होती.

"सर, माझं आजोळ धुळ्याकडचं," ती म्हणाली. "तिकडे 'शे' म्हणजे 'आहे'. 'शेतस' म्हणजे 'आहेत'. ती बाई तीन आहेत एवढंच म्हणाली."

"काय तीन?"

"पोरं. पोरं मोजून सांगू नयेत, नजर लागते. म्हणून बाया नुसतं म्हणतात, देवनी दया, तीन शेतस. तुम्ही प्रत्येकीला विचारलंत, बाई, तुमचं स्वतःचं म्हणावं असं काय आहे? त्यांनी पोरं सांगितली. आणि शेताला तिकडे शेत म्हणतच नाहीत, सर. वावर म्हणतात."

सरांनी कागद ओढला आणि 'वावर' लिहून घेतलं. शब्द नवा असावा तसं.

"आजीला मी तुमचा लेख वाचून दाखवला," मृणाली घाबरून भराभर बोलू लागली. "ती म्हणाली, बठ्ठास्ना वावर व्हतात? मंग मी जलमभर कोनं वावर निंदं? म्हणजे सगळ्यांचीच शेतं, तर तिने जन्मभर खुरपलं कोणाचं?"

सर हसले नाहीत. चिडलेही नाहीत. उठून हात धुऊन आले.

"किती कॅसेटी ऐकल्यास?"

"एकोणचाळीस. सतराव्या कॅसेटीची पट्टी तुटलेली होती. काल भुसावळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चुडामणनानांनी जोडून दिली. आज ऐकते."

हात पुसता पुसता सर थांबले. मग पुन्हा पुसू लागले. हात कधीच कोरडे झाले होते.

"चौदाशे ऐंशी लोकांनी दाखला दिला," ते म्हणाले. आज पाणी आलं नाही, असं सांगावं तसा आवाज. "एकानेही कॅसेट मागितली नाही." मग त्यांनी विचारलं, "प्रबंधात काय लिहिणार?"

"खरं तेच लिहावं म्हणते. पण सही तुमची लागते."

वरचा पंखा कुरकुरत होता. आता चार वर्षं पाण्यात, असं मृणालीने मनाशी धरलं. सरांनी तिच्या फायलीतून अर्ज काढला, चष्मा लावला आणि सही केली.

"एकोणचाळीस ओळी खोड," ते म्हणाले. "चूक माझी, असं माझं नाव घालून लिही. शनिवारी मी येत नाही, तेही कळवून टाक. फक्त सतरावी ओळ राहू दे."

"सतरावीत काय आहे, सर?"

तक्ता बघायची त्यांना गरज नव्हती. "नर्मदाबाई. एक शेत, घरालगत."

"पण तीही चूकच असणार ना?"

"असेल. सगळ्यांची शेतं तू काढून घेतलीस. त्या एका बाईला एक राहू दे."

ते पिशवी घेऊन निघाले. दारात वळले. "भाकरी आजीची?"

"हो, सर."

"पीठ जाडसर आहे. असंच लागतं."

ते गेल्यावर मृणाली सहीकडे बघत बसली. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. म्हाताऱ्याचा जीव एका ओळीत अडकलाय, तिला वाटलं. चाळीसपैकी एक तरी खरी ठरावी म्हणून धडपड. पण चूक ती चूक. एक ठेवून एकोणचाळीस खोडायच्या, हा कुठला न्याय?

तिने सतरावी कॅसेट लावली.

आधी नुसती खरखर. मग कुठेतरी शेळी ओरडली. मागे पुण्याच्या मंडळींचं हसणं-बोलणं, कुणीतरी म्हणालं, "सोनवणे, आटपा लवकर, जीप आलीय." मग सरांचा तरुण आवाज, स्वच्छ, पुस्तकी.

"बाई, तुमचं स्वतःचं म्हणावं असं काय आहे?"

पुन्हा नुसती खरखर. पट्टी संपली की काय, असं मृणालीला वाटलं.

"एक शे."

"कुठे आहे?" सरांचा आवाज एकदम खाली आला होता.

"आठेच शे," बाई म्हणाली. "मन्हा समोर बठेल शे. माले माय नही, बाई म्हनी ऱ्हायना."