बांधाकडची वाट

चोर सापडला तो दिवसाढवळ्या, मुद्देमालासकट. ओटीत मुळ्याची जुडी, चार वांगी, आणि पाय अजून वाफ्यातच. सोजराबाई विळा घेऊनच आडवी झाली.

चोर म्हणजे एक वाळकी म्हातारी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली. बायडी तिचं नाव, चिंचणीच्या कोळीवाड्यातली.

सोजराबाईचा जीव मेटाकुटीला आला होता. नवरा नागोराव महिनाभर घरात पडून. बांधकामावर पायावर दगड आला, आणि काम नाही त्या दिवसाचा रोजही नाही. मजुरांच्या चाळीमागे, खाडीच्या बाजूला, दर बिऱ्हाडाला भाजीपाल्यापुरता एकेक तुकडा मिळाला होता. तिचा अगदी शेवटचा, खाडीच्या बांधाला लागून. विहिरीवरून डोक्यावर घागरी वाहून तिने तो जगवला, आणि आता तीन लेकरं त्याच्यावर जगत होती. आणि तिच्याच वाफ्यातून कोणीतरी बिनदिक्कत येत-जात होतं, जाता जाता मूठभर उपटून नेत होतं. मागच्या अमावास्येला तर वांग्याचं झाडच पायाखाली मोडलेलं. त्या दिवशी ती रडली होती.

म्हातारी घाबरली मात्र नाही.

"आज पुनव हाय बाय. मला बांदावर जाऊ दे, उघाडीची फळी टाकायची हाय."

बांधाला एक दार असतं, तीच उघाडी, असं ती सांगू लागली. पुनवेला नि अवसेला उधाण येतं, त्याच्या आत त्या दाराची फळी खाली सोडावी लागते. हे काम तिच्या सासूचं, आता तिचं. त्यापोटी इथल्या वाफ्यांतून मूठभर भाजी न्यायची ही जुनी रीत, वाफे कोणाचे का असेनात. सोजराबाईला त्यातलं एक अक्षर पटलं नाही. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला त्याला चार महिने झाले होते, तोही लांबून. चोर सापडला की काहीतरी सांगणारच.

"पुन्हा इकडं पाय टाकलास तर तंगडी तोडीन," ती म्हणाली. ओटीतली भाजी तिने काढून घेतली, म्हातारीला हाताला धरून बाहेर काढलं आणि वाटेवर बाभळीच्या काट्या ओढल्या. बायडी काट्यांपलीकडून थोडा वेळ बोलत राहिली. मग खाजणाच्या दलदलीला वळसा घालून लांबच्या वाटेने लगालगा निघाली. त्या वाटेने बांधावर पोचायला तास तरी हवा.

सोजराबाई खुरपायला बसली. मनातून बरं वाटत होतं. घरधनी अंथरुणाला खिळला तरी आपला वाफा आपण राखला.

दुपार झाली तसं बांधाकडून पाणी आलं.

आधी तिला वाटलं, भास होतोय. पण पाणीच होतं. ना घागर, ना विहीर, आपल्या पायांनी चालत आलेलं! तिच्या गावाकडे घोटभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत. सोजराबाईला हसू फुटलं. तिने कुदळ घेतली आणि एकेक दांड मोकळा करत सुटली. मुळ्याला दिलं, वांग्यांना दिलं, मेथीत तर तुंबेपर्यंत सोडलं. शेजारणी कामावर गेलेल्या, त्यांची भाजी सुकत होती. मग त्यांच्या वाफ्यांनाही तोंड करून दिलं. एवढं आलंय तर एकटीने कशाला घ्यायचं?

सगळं भिजवून झाल्यावर तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

थुंकली. पुन्हा चाखलं. खारटच.

आता ती दांड बुजवू लागली. कुदळीने, मग हातांनी, मग नुसती चिखलात आडवी पडून. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होतं. बांधाकडे तोंड करून तिने "मावशी, मावशी" अशा हाका मारल्या. लांब, उघाडीपाशी म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फळी खाली रेटत होती. फळी बसली तेव्हा सगळेच्या सगळे वाफे भरले होते.

बायडी पाण्यातून तिच्याकडे आली. अंग निथळत होतं, धाप लागली होती. सोजराबाई शिव्या खायला तयार होती. पण म्हातारीने वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि टाकून दिली.

"किती दिवसांत सुधारल, मावशी?" सोजराबाईने विचारलं. "लेकरं हाईत मला."

"दिसांत नाय. तीन पावसाळे जातील. पावसानं धुतल्याबिगर मीट जात नाय."

सोजराबाई हळूच म्हणाली, "आन् पाऊस पडलाच नाही तर?"

बायडीने नवलाने तिच्याकडे पाहिलं.

"न पडायला काय झालं?" ती म्हणाली. "पाऊस पडत नाय, असं कुटं असतं का, बाय?"