झडप

"एकदम दाब आणि एकदम सोड," विश्वास म्हणाला.

"आगे नाका है यार," कुलबीर म्हणाला. "लौटते वक्त देखेंगे."

"आत्ता इंजिन तापलंय. बस, एक बार."

शेजारच्या डॉक्टर कुलबीरने परदेशातून आणलेली टर्बो गाडी महिनाभर अडखळत होती. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कोंडलेली हवा बाहेर सोडते, ती झडप बिघडली असावी, असा विश्वासचा कयास. हवाई दलातला इंजिनिअर तो. इंजिन समोर आलं की त्याला तहानभूक राहत नसे. शेजाऱ्याला मुल्लानपूरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानेच ओढून आणलं होतं.

कुलबीरने पाय दाबला, सोडला. हवा फुस्सकन सुटली आणि पाठोपाठ सायलेन्सरमधून धाडकन बार निघाला.

"सापडलं! मिटतच नाहीये झडप!" विश्वास ओरडला.

पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस असे, की बार म्हणजे गोळीच. नाक्यावरचे जवान वाळूच्या पोत्यांआड गेले होते. रायफली गाडीवर रोखलेल्या.

"हाथ ऊपर! उतर, सरदार!"

कुलबीर उतरला. त्याला दोन्ही तळवे तापल्या बॉनेटवर टेकायला लावले. पगडी सोडून झटकायला लावली.

"डॉक्टर हूँ जी. गाडी में खराबी है," तो सांगत राहिला. कोणी ऐकेना.

विश्वासने दाराला हात घातला.

"आप बैठे रहिए, साब," एक जवान अदबीने म्हणाला.

आणि तो बसून राहिला. हवाई दलाचं ओळखपत्र खिशात होतं. ते दाखवून 'बार मी करायला लावला' एवढंच बोलायचं होतं. काचेपलीकडून कुलबीर त्याच्याकडेच बघत होता. विश्वासने मान खाली घातली.

डिकी, सीटखालच्या जागा, सगळं उचकून झालं तेव्हा त्यांना सोडलं. थोडं पुढे जाऊन कुलबीरने गाडी कडेला घेतली आणि पगडीचं कापड उलगडलं. पुन्हा बांधण्याआधी एवढ्या लांब कापडाची घडी घालायची तर समोरून टोक धरायला कोणीतरी लागतं. विश्वास घाईने उतरला, त्याने हात पुढे केला.

कुलबीरने ते टोक गाडीच्या दारात घातलं, दार लावून घेतलं आणि लालभडक तळव्यांनी कापड ताणत एकेक पाऊल मागे सरकू लागला.