एकशे बारा पायऱ्या

रविवारी सकाळी नऊला त्सुनामीच्या सरावाचा भोंगा वाजला तेव्हा वुलान न्याहारीच्या वाट्या विसळत होती. शाळेचं एक वर्ष इथं काढायला ती इंडोनेशियाहून आली होती. चिझुरुच्या घरात तिला चार महिने झाले होते आणि चिझुरुला ती आई म्हणायला लागली होती.

"नळ बंद कर आणि पळ," चिझुरु म्हणाली. "कुणासाठी थांबायचं नाही. टेकडीवर, देवळात भेटू."

"आणि आजी?"

चिझुरुच्या सासूबाई, तोमेआजी, टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांनी मानही वळवली नाही. "मी दर वर्षी इथंच बसते. शहाऐंशी वर्षं झाली की लाटेला घाबरायचं नसतं. जा तुम्ही."

चिझुरु निघाली. वुलान मागून येतेय असं तिनं गृहीत धरलं होतं.

देवळाच्या अंगणात आळीचे प्रमुख निशिवाकी घड्याळ घेऊन उभे होते. खरी लाट दहा मिनिटांत बंदर ओलांडणार, असा गावाचा हिशोब. आठव्या मिनिटाला सगळी आळी वर आली. वुलान आली नाही. चिझुरु एकशे बारा पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

चौदाव्या मिनिटाला वुलान दिसली. पाठीवर तोमेआजी. आजींच्या एकाच पायात मोजा होता.

"पोत्यासारखी उचलली मला," आजी म्हणाल्या. "नको नको म्हणत होते, तरी."

कुणीतरी हसलं. चिझुरु हसली नाही.

"चौदा मिनिटं," ती वुलानला म्हणाली. "म्हणजे दोघी गेलात. तुझ्या घरी मी काय कळवायचं, सांग."

वुलानला धाप लागली होती. ती खाली बसली. "खरी लाट आली तरी मी हेच करणार, आई. आत्ताच सांगून ठेवते."

निशिवाकींनी वही उघडली आणि दोघींच्या नावांपुढे फुली मारली. वेळेत न पोहोचलेल्यांसाठी फुली असते. त्या घराची दर वर्षी एक फुली असायची. आजींनी वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि परत दिली.

रात्री जेवणावर वुलाननं वाढलेलं लोणचं आजींनी तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चिझुरु उठली तर आजींचं अंथरूण रिकामं. बंदरावर बघितलं, भाजीच्या वाफ्यात बघितलं. शेवटी त्या देवळाच्या पायऱ्यांवर सापडल्या. पायात गमबूट, दोन्ही हात कठड्यावर.

"सासूबाई, हे काय चाललंय?"

"सव्वीस झाल्या," आजी म्हणाल्या. "कठडा हलतोय इथं. निशिवाकीला सांग, म्हणावं बसवून घे."

"अहो, पण तुम्ही कशाला..."

"ती पोरगी ऐकायची नाही," आजी म्हणाल्या आणि त्यांनी सत्ताविसाव्या पायरीवर पाय ठेवला.