पंचाऐंशीच्या वर

नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना मुलाने आपला कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्येच ठेवला. तिकडे बसून तो याच्यावर कामं चालवतो, म्हणून कॉम्प्युटर दिवसरात्र चालू. आतला प्रोसेसर किती तापलाय ते त्याला मोबाइलवर दिसतं. आकडा पंचाऐंशीच्या वर गेला, की दोन मिनिटांत आमचा फोन वाजतो. "आई, मागच्या जाळीवरची धूळ पुसलीस का? आधी पंखा लाव बघू!"

गेल्या सोमवारी हे बाथरूममध्ये घसरले आणि पाय मोडून बसले. मी मुलाला तीन मेसेज टाकले. शुक्रवारी उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

आज मी कपाटातली जाड रजई काढली आणि कॉम्प्युटरला चहूबाजूंनी नीट गुंडाळली.

"अगं, बिघडेल ना तो!" प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून बसलेले हे ओरडले.

"बिघडू दे," मी म्हटलं आणि स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले. कोपऱ्यातला आकडा चढत होता. सत्तर. एकोणऐंशी. शहाऐंशी.

फोन वाजला.

"आई, काय झालं गं? एवढा का तापलाय? कसा आहे आता? बोल ना लवकर!"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि यांच्यासमोर धरला.



"आधी बाबांना विचार, पाय कसा आहे ते. मग रजई काढते."