गुरुवारचा पास

"उद्याचे पास बंद," आलोशियसनं खिडकीतूनच सांगितलं.

तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या बाया कुरकुरत निघून गेल्या. बर्नार्ड तेवढा थांबला. आठवडाभर त्याला पास मिळाला नव्हता. एकदा खिशात काडेपेटी सापडली, एकदा जुना पास भिजला होता, एकदा तो बराकीकडे बघत चालला होता. नियम तसे खरेच होते. ते एकट्या बर्नार्डलाच लागू होते, इतकंच.

त्रेचाळीस साली पाचूबंदराबाहेरचा किनारा लष्करानं ताब्यात घेतला. होडी नसलेले लोक तिथं पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकायचे, बाया शिंपल्या काढायच्या. आता त्यासाठी पास लागे, एका दिवसाचा. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेल्या आलोशियसला फाटकावर कारकुनी मिळाली. पास तोच लिही आणि उद्या किनाऱ्यावर किती माणसं असतील ते संध्याकाळी वहीत मांडी. वहीत शून्य दिसलं तरच हवालदार तोफांचा सराव सुरू करू देई.

सराव मंगळवारी असे, आदल्या दिवशी गावात दवंडी होई. या आठवड्यात मात्र आज सकाळीच जादा हुकूम आला होता. उद्या, गुरुवारी, सकाळी आठ वाजता. दवंडी पिटवायचं काम आलोशियसचं. त्यानं कागद खणात टाकला. दुपारी जेवताना बायकोला मात्र सांगितलं होतं, "उद्या शिंपल्यांना जाऊ नको. तोफा चालणार आहेत."

लिडियानं ताटात आणखी कालवण वाढलं. "बरं," म्हणाली.

"आलोश," बर्नार्ड आता खिडकीशी आला, "म्हातारी दोन दिस पेजेवर हाय. एक दिस तरी सोड मला."

आलोशियसनं त्याच्याकडे पाहिलं. उन्हानं रापलेला, रुंद खांद्यांचा, लिडियाच्याच आळीत वाढलेला. विहिरीवर दहा बाया असताना हंडा उचलून द्यायला लिडिया यालाच हाक मारते. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी हा खोकला की तिची मान वळते. आणि गेल्या रविवारी ती अचानक म्हणाली होती, "त्या बर्नार्डला कशाला अडवता?" बर्नार्डला अडवल्याचं आलोशियसनं घरी कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानं पास लिहिला. तारीख घातली. सही केली.

"पहाटेच जा, फाटकावर तेव्हा कोणी नसतं. खडकाच्या पलीकडे टाक पाग, तिकडे मासा आहे. आणि कोणाला दाखवू नको, नाहीतर सगळे मागतील."

बर्नार्डचे डोळे भरून आले. "देव तुजं भलं करो," तो म्हणाला.

सरावाआधी छावणीवर चढणारा लाल बावटा खडकाच्या पलीकडून दिसत नाही. संध्याकाळी आलोशियसनं वहीत लिहिलं: गुरुवारचे पास, शून्य.

सकाळी तो उशिरा उठला. लिडियानं चहा दिला, पाव दिला, पुन्हा चहा दिला. आज तिला कसली घाई नव्हती. साडेसात वाजून गेले. तो बूट चढवत असताना ती उंबऱ्यात येऊन बसली.

"एक सांगायचं होतं. चिडू नका. आमच्या लुईझाचं जमलंय."

लुईझा तिची धाकटी बहीण. "कोणाशी?"

"बर्नार्डशी. चार महिने निरोप पोचवून माजे पाय दुखले. बाबा भडकतील म्हणून कोनाला बोलले नव्हते. तुमाला बी नाय."

आलोशियसच्या हातातली बुटाची नाडी सुटली. विहीर, मिस्सा, बर्नार्डची वकिली. सगळ्याचा अर्थ क्षणात पालटला.

"कुठंय तो?"

"आता कुठं? पहाटेच पाग घेऊन गेला किनाऱ्यावर. मी पाहिला ना."

बूट तिथंच टाकून तो धावत सुटला. फाटकावर हवालदाराला एक शब्द सांगितला असता तर तोफा थांबल्या असत्या. पण मग पासाची गोष्ट बाहेर आली असती, आणि पासावर सही त्याची होती. त्यानं फाटक टाळलं. सुरूच्या झाडांतून, तारेखालून अंग खरवडत तो वाळूवर उतरला. बावटा चढलेला होता.

"बर्नार्ड! ए बर्नार्ड!"

खडकाच्या पलीकडे कोणी नव्हतं. वाळूवर पावलंही नव्हती. पहिला गोळा त्याच्या पाठीमागं पडला आणि वाळूची भिंत त्याच्या अंगावर कोसळली. दुसरा पाण्यात फुटला. तो खडकाच्या खोबणीत शिरला, कान दाबून धरले आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या. चौथ्या गोळ्यानंतर त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येईना.

तोफा थांबल्यावर तो बाहेर आला. उजव्या कानातून रक्त येत होतं, डाव्यानं हळूहळू थोडं ऐकू यायला लागलं. बर्नार्डचे तुकडे बघावे लागणार या भीतीनं त्यानं भरतीच्या रेषेपर्यंत सगळी वाळू धुंडाळली. काहीच सापडलं नाही. मग तो तसाच, अनवाणी, बर्नार्डच्या झोपडीकडे निघाला. म्हातारीला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

बर्नार्ड अंगणात बसून पाग विणत होता.

आलोशियसनं त्याला मिठी मारली. हसला, रडला. "जिवंत आहेस! लुईझाचं नशीब थोर."

"लुईझा?" बर्नार्ड गोंधळला. "कोन, लिडियाची बहीन? तिचं काय?"

"लग्न रे तुमचं. लिडियानं सांगितलं मला सगळं."

"माजं कसलं लग्न? त्या पोरीशी कदी बोललो बी नाय मी." बर्नार्डनं त्याच्या कानाकडे, अंगावरच्या वाळूकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. "आनि तू किनाऱ्यावर कशाला गेलतास? काल सांजेलाच लिडिया आलती, तुजा पास बघितला आनि सांगून गेली ना मला, उद्या तिकडं फिरकू नको, तोफा चालनार हायेत म्हनून."