पहिला फोटो

घरच्या रानात चोरटे शिकारी घुसतात, म्हणून लेकीने झाडाला कॅमेरा बांधला. आठ दिवसांनी काढून बघते तर नुसते ससे आणि घरच्याच गाई.

"तुझ्यापेक्षा ते शिकारीच शहाणे निघाले की गं!" बाबा हसले.

"हसा! मी बांधत होते तेव्हा पाठीमागे ढिम्म उभे होतात. 'पट्टा धरा जरा' म्हटलं, तर हूं की चूं नाही."

"मी? मी तर फाटकापासून हललोच नव्हतो."

कॅमेरा बांधताना चुकून निघालेला पहिला फोटो तिने न बघताच पुढे सरकवला होता. आता तो उघडला. तिच्या अर्ध्या चेहऱ्यामागे, हातभर अंतरावर, बंदूक घेतलेला एक अनोळखी माणूस शांतपणे कॅमेऱ्याकडे बघत होता.