कोणाच्या कामी

म्यानमारची थिरी सिंगापुरात चोआ चू कांगमधल्या एका फ्लॅटमध्ये घरकामाला आली आणि उर्मिलाच्या सासूबाईंशी बोलता बोलता मराठी शिकली. सासूबाई गेल्या, मराठी राहिली.

आज भाजी चिरताना तिनं फोन पुढे केला. तिच्या गावची बाग, चौथऱ्यावर नवाकोरा पुतळा, अंगात लष्करी गणवेश.

"माझा मोठा भाऊ, ताई. कॅप्टन होता. मेला, म्हणून बसवला."

उर्मिला फोनवर वाकली. "अगं, मेला नाही म्हणायचं. लढाईत गेलेल्याला आपण कामी आला म्हणतो."

"कोणाच्या कामी?"

"देशाच्या."

थिरीनं चिरलेली भाजी बाजूला सारली. "धाकटा पण देशासाठीच लढतो, ताई. जंगलातून. दुसऱ्या बाजूनं."

उर्मिला खुर्चीत टेकली.

"आता लष्कराची गाडी आईच्या दारात उभी आहे. पुतळ्याला हार घालायला चल म्हणतात. नाही गेली तर विचारणार, धाकटा कुठे लपलाय. आणि धाकट्याचा निरोप आहे, गेलीस तर मी तुला मेलो. आई मला विचारते, जाऊ की नको?"

"मग तू काय सांगितलंस?"

तेवढ्यात फोन वाजला. आईच होती. थिरीनं हात पुसले, फोन उचलला आणि तो तसाच उर्मिलाच्या कानाला लावला.

"तुम्ही सांगा, ताई. मी जा म्हटलं तरी धाकटा जातो, नको म्हटलं तरी. तिला मराठी येत नाही. काहीही सांगितलं तरी चालेल."